व्हेरोना, बाल्टिमोर, बार्शी

आपल्याकडे बायकांच्या कितीतरी दुखण्यांना नावच नसतं. 'तिच्या अंगावरून जायचं' म्हणतात, 'पिशवीत काहीतरी झालं' म्हणतात, आणि मग 'गेली बिचारी'. लहानपणी आजोळी अशा दोन-तीन बायकांबद्दल दबक्या आवाजात बोललेलं ऐकलंय. कॅन्सर हा शब्द कुणी उच्चारला नाही. बहुधा कुणाला ठाऊकही नसावा, कारण तपासलंच नव्हतं.

परवा मामेबहिणीचा फोन आला. तिची मुलगी दहा वर्षांची झाली, तर डॉक्टरांनी गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची लस सुचवली. "अगं, कॅन्सरची लस कशी असेल? कॅन्सर म्हणजे काय गोवर आहे का?" प्रश्न अगदी रास्त. मी डॉक्टर नाही, पण वाचायची खोड आहे. उत्तर शोधत गेले ती थेट इटलीत पोचले, आणि तिथून फिरत फिरत आपल्या बार्शीला! म्हणून हा लांबलचक लेख. मावश्यांनो, विषय अवघड जागेचा आहे, पण शेवटपर्यंत वाचा.

तर, सन १८४२. उत्तर इटलीतलं व्हेरोना (हो, रोमिओ-ज्युलिएटचं तेच). तिथे डोमेनिको रिगोनी-स्टर्न नावाचा एक वैद्य होता. त्याने गावातल्या मृत्यूंच्या नोंदी काढल्या, १७६० ते १८३९ अशा तब्बल ऐंशी वर्षांच्या. कोण गेलं, कितव्या वर्षी, कशाने, आणि लग्न झालं होतं का. मग तो मोजत बसला. गर्भाशयाच्या कॅन्सरने जाणाऱ्यांत लग्न झालेल्या बायका आणि विधवा जास्त, मठातल्या नन्स कमी. स्तनाच्या कॅन्सरचं मात्र उलट, तिथे नन्सचं प्रमाण जास्त. बस, एवढंच. हाताशी प्रयोगशाळा नाही, विषाणू नावाची काही चीज असते हे कळायला अजून पन्नास वर्षं जायची होती. होत्या त्या फक्त चोपड्या.

ही गोष्ट पुढे सांगताना लोकांनी तिला बरंच तिखटमीठ लावलं आहे. 'व्हेरोनाच्या एकाही ननला गर्भाशयमुखाचा कॅन्सर झाला नव्हता' वगैरे वाचायला मिळतं. रिगोनी-स्टर्नने गर्भाशय आणि त्याचं मुख असा भेद केलाच नव्हता. तो भेद करून मोजणारे पुढे आले. १९५० मध्ये कॅनडातल्या क्वेबेकच्या फाब्यां गान्यों या डॉक्टरने तिथल्या हजारो नन्सच्या नोंदी तपासल्या आणि त्याला हा आजार सापडला नाही. पण मूळ धागा व्हेरोनाचाच: जे काही आहे ते लग्नाबरोबर येतं.

आता 'लग्नाबरोबर येतं' याचा अर्थ कसा लावायचा? इथे मला या इतिहासाचा राग येतो. पुढची शंभर-सव्वाशे वर्षं बहुतेक संशोधकांनी अर्थ लावला तो बाईच्या वागण्याचा. लग्न कितव्या वर्षी, बाळंतपणं किती, 'संबंध' किती. तुरुंगातल्या बायका तपासल्या, वेश्या तपासल्या. नवऱ्याची सुंता झाली आहे का हेही पाहिलं गेलं, कारण ज्यू बायकांत हा आजार कमी दिसायचा. आपल्या मुंबईतही टाटा हॉस्पिटलच्या डॉ. खानोलकरांच्या काळात हिंदू, मुसलमान आणि पारशी बायकांच्या आकड्यांतला फरक नोंदला गेला. हे सगळं मोजताना नवरा बाहेर कुठे जातो, हा प्रश्न फार थोड्यांना सुचला. १९८२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये एक लेख आला, त्यात सरळ म्हटलं होतं की जन्मभर एकाच नवऱ्याबरोबर राहिलेल्या बाईला हा आजार होतो तेव्हा पुरुषाकडे बघा. आपल्या आज्या-पणज्यांना हे कुणी शंभर वर्षं आधी विचारलं असतं तर त्यांनी फुकट सांगितलं असतं. असो.

मधल्या काळात एक मोठी गोष्ट झाली, ती थोडक्यात सांगते कारण पॅप टेस्ट हे नाव बऱ्याच जणींना माहीत आहे. जॉर्ज पापानिकोलाऊ हा ग्रीक माणूस न्यूयॉर्कमध्ये गिनीपिगच्या मासिक चक्राचा अभ्यास करत होता. योनिमार्गातला स्राव काचेवर पसरून बघायचा. मग तेच त्याने बाईच्या बाबतीत करून बघितलं. बाई म्हणजे त्याची बायको, आंद्रोमाखी. ती वर्षानुवर्षं नमुने देत राहिली. त्यात कॅन्सरच्या पेशी ओळखू येतात हे त्याने १९२८ मध्ये मांडलं, तेव्हा कुणी फारसं लक्ष दिलं नाही. १९४१ मध्ये हर्बर्ट ट्राउटबरोबर पुन्हा लिहिलं तेव्हा दिलं. ज्या देशांनी ही तपासणी नेमाने केली तिथे या आजाराचे मृत्यू झपाट्याने उतरले. पण कारण? ते अजून अंधारातच होतं.

आता बाल्टिमोर. १९५१ च्या सुरुवातीला जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलात हेन्रिएटा लॅक्स नावाची एक कृष्णवर्णीय बाई आली. पाच मुलांची आई, तंबाखूच्या शेतावर वाढलेली. गर्भाशयमुखावर गाठ होती. उपचार करताना डॉक्टरांनी गाठीचा लहानसा तुकडा काढला आणि तो जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेला. तिला विचारलं नाही. त्या काळी विचारायची पद्धतच नव्हती. तोवर माणसाच्या पेशी शरीराबाहेर काही दिवसांत मरून जायच्या. या मेल्या नाहीत, वाढतच राहिल्या. ४ ऑक्टोबर १९५१ ला हेन्रिएटा गेली, वय ३१. तिच्या पेशी, हिला पेशी, जगभरच्या प्रयोगशाळांत पोचल्या. पोलिओची लस तपासायला त्याच वापरल्या गेल्या. घरच्यांना याचा पत्ता लागायला वीस वर्षांहून जास्त गेली. (२०२३ मध्ये तिच्या वारसांनी त्या पेशींवर कमाई करणाऱ्या एका कंपनीशी न्यायालयात तडजोड केली.) हेन्रिएटाला थोडं बाजूला ठेवते, ती परत येणार आहे.

हाराल्ड त्सुर हाउझेन, जर्मन, जन्म १९३६. विषाणूंमुळे कॅन्सर होऊ शकतो या कल्पनेने पछाडलेला माणूस. साठ-सत्तरच्या दशकात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी संशयित म्हणून सगळ्यांचं बोट हर्पिसच्या विषाणूकडे होतं. त्सुर हाउझेनने गाठींमध्ये हर्पिस शोधला आणि त्याला तो सापडला नाही. १९७४ मध्ये फ्लोरिडातल्या की बिस्केनच्या परिषदेत त्याने हे सांगितलं. त्याच बैठकीत दुसऱ्या एका नामवंत गटाने आपल्याला हर्पिसचा अंश सापडल्याचं सांगितलं होतं. त्सुर हाउझेनचं बोलणं संपल्यावर सभागृहात शांतता! विरोधसुद्धा नाही. तुमच्या म्हणण्याला कुणी विरोध करण्याच्याही लायकीचं समजू नये, ही शिक्षा काय असते ते कुठल्याही धाकट्या सुनेला विचारा.

त्याचा स्वतःचा संशय होता चामखिळींवर. होय, साध्या चामखिळी. त्या विषाणूने होतात हे माहीत होतं. १९३३ मध्ये अमेरिकेत रिचर्ड शोप यांनी रानसशांच्या अंगावरच्या शिंगांसारख्या चामखिळी विषाणूच्या असतात हे दाखवलं होतं, आणि पुढे त्यांतल्या काहींचा कॅन्सर होतो हेही दिसलं होतं. जननेंद्रियांवरच्या चामखिळींचा क्वचित कॅन्सर झाल्याच्या जुन्या नोंदी त्सुर हाउझेनने गोळा केल्या. अडचण अशी की हा पॅपिलोमा विषाणू प्रयोगशाळेत वाढत नाही. म्हणून चामखिळीतून त्याचा डीएनए काढायचा आणि तो कॅन्सरच्या गाठीतल्या डीएनएशी जुळतो का बघायचं. तळपायाच्या चामखिळीतला डीएनए घेतला तर तो जननेंद्रियांवरच्या चामखिळीशीच जुळेना. म्हणजे हा विषाणू एक नाही, घराणं आहे! (आज त्याचे २०० हून जास्त प्रकार माहीत आहेत. बहुतेक निरुपद्रवी.) मग एकेक वेगळा करत जायचं. सहा नंबर सापडला, अकरा नंबर सापडला, पण ते कॅन्सरच्या गाठीत जवळपास नव्हतेच. फक्त अकराचा डीएनए वापरून ढिलं जुळवलं तर काही गाठींत पुसट रेघ दिसायची, जणू घरातलाच कुणी दुसरा आहे. त्या पुसट रेघेमागे माथियास ड्यूर्स्ट आणि लुट्झ गिसमान हे त्याचे तरुण सहकारी गेले, आणि १९८३ मध्ये एचपीव्ही १६ हाती लागला. तपासलेल्या गाठींपैकी जवळपास निम्म्यांत तो होता. पुढच्याच वर्षी १८ नंबर सापडला. हे दोघे मिळून जगातल्या सुमारे ७० टक्के गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला जबाबदार आहेत.

आणि आता हेन्रिएटा. १८ नंबर हाताशी आल्यावर प्रयोगशाळेत वाढणाऱ्या पेशींमध्ये तो आहे का हे बघितलं, तर हिला पेशींत तो होता. तेहतीस वर्षं जगभरातले लोक त्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली बघत होते, त्यांच्यावर हजारो लेख लिहीत होते. हेन्रिएटाला कशाने मारलं ते पूर्ण वेळ त्या काचेच्या बशीतच होतं.

हा विषाणू फार सर्वसाधारण आहे. शरीरसंबंध आलेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना तो केव्हातरी लागतोच, आणि बहुतेकांचं शरीर वर्ष-दोन वर्षांत त्याला हुसकून लावतं. थोड्या बायकांत तो मुक्काम ठोकतो. तिथे तो पेशीच्या वाढीला लगाम घालणारी दोन प्रथिनं निकामी करतो आणि पेशी बेलगाम होत जातात. पण याला दहा-वीस वर्षं लागतात. ही दहा-वीस वर्षं म्हणजेच वाचवण्याची संधी. मामेबहिणीच्या प्रश्नाचं उत्तरही इथेच आहे: कॅन्सर गोवर नाही, पण या कॅन्सरची सुरुवात गोवरासारखीच होते, एका विषाणूच्या संसर्गाने. लस त्या विषाणूची आहे.

त्सुर हाउझेन १९८४ च्या सुमारास लस बनवा म्हणून औषध कंपनीकडे गेला तर 'याला बाजार नाही' असं उत्तर मिळालं. १९९१ मध्ये ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला जियान झोउ आणि इयन फ्रेझर यांनी विषाणूचं नुसतं रिकामं टरफल प्रयोगशाळेत तयार करून दाखवलं, आत डीएनए नाही म्हणून आजार नाही. त्यावरून लस झाली, २००६ मध्ये अमेरिकेत परवाना मिळाला. झोउ १९९९ मध्येच वारला होता. त्सुर हाउझेनला २००८ मध्ये नोबेल मिळालं. २०२३ मध्ये तोही गेला.

इथवरची गोष्ट गोऱ्या देशांची. पण या आजाराने मरणाऱ्या बायका काही मुख्यतः तिथल्या नाहीत. २०२२ च्या अंदाजाप्रमाणे भारतात वर्षाला सुमारे १ लाख २७ हजार बायकांना हा कॅन्सर होतो आणि जवळपास ८० हजार मरतात. पॅप टेस्ट चांगली खरी, पण तिला काच वाचणारी तरबेज माणसं लागतात आणि ती ठरावीक वर्षांनी पुन्हा पुन्हा करावी लागते. परंडा-भूमच्या गावांत हे कोण करणार?

बार्शीला नर्गिस दत्त यांच्या नावाचं कॅन्सर हॉस्पिटल आहे. तिथे १९८७ मध्ये टाटाच्या मदतीने कॅन्सरची नोंदवही सुरू झाली, भारतातली पहिली ग्रामीण नोंदवही. बार्शी, परंडा, भूम या तालुक्यांतली ३४६ गावं. शहरात नोंद ठेवायची तर हॉस्पिटलांतून कागद मिळतात. खेड्यात मृत्यूचं कारण लिहायलाच कुणी नसतं. त्यामुळे माणसं गावोगाव जायची, सभा घ्यायची, 'कुणाच्या अंगावरून जातंय का, मधेच रक्त दिसतं का' विचारायची, आणि तपासायला घेऊन यायची. नुसत्या या विचारपुशीने बायका आजाराच्या आधीच्या टप्प्यात येऊ लागल्या, हे १९९५ मध्ये छापून आलं. माझ्या मते या साऱ्या इतिहासातलं हे सगळ्यात कमी सांगितलं जाणारं काम आहे. व्हेरोनात चोपड्या तयार होत्या, बार्शीत त्या चालत जाऊन भराव्या लागल्या.

ही घडी बसली होती म्हणून पुढचा प्रयोग तिथे होऊ शकला. १९९९ पासून उस्मानाबाद जिल्ह्यात (आताचं धाराशिव) ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजार ७४६ निरोगी बायका निवडल्या. गावांचे ५२ गट केले आणि चिठ्ठ्या टाकल्यासारखे चार भागांत वाटले. एका भागात एचपीव्हीची तपासणी, दुसऱ्यात पॅप, तिसऱ्यात गर्भाशयमुखाला पातळ ॲसिटिक ॲसिड लावून नुसत्या डोळ्यांनी बघणं. आणि चौथ्यात काहीच नाही, म्हणजे एरवी जे मिळतं ते. तपासणी एकदाच, मग आठ वर्षं लक्ष ठेवायचं. डॉ. शंकरनारायणन, बार्शीचे डॉ. नेने आणि सहकाऱ्यांनी निकाल २००९ च्या एप्रिलमध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल'मध्ये छापला. विषाणूची तपासणी झालेल्या ३४ हजारांत या कॅन्सरने ३४ मृत्यू, काहीच न झालेल्या साडेएकतीस हजारांत ६४. म्हणजे आयुष्यात एकदा केलेल्या तपासणीने मृत्यू जवळजवळ निम्मे! पॅप आणि ॲसिडच्या गटांत ५४ आणि ५६, म्हणजे खात्रीने सांगावा असा फरक नाही. त्सुर हाउझेनच्या पुसट रेघेचा उपयोग गरीब बाईला होतो याचा पुरावा जगाला उस्मानाबादने दिला.

पण ते ६४.

एरिक सुबा या अमेरिकन डॉक्टरने हा प्रश्न लावून धरला. उस्मानाबाद, मुंबईच्या झोपडपट्ट्या आणि तमिळनाडूतला दिंडिगल जिल्हा या तीन प्रयोगांत मिळून सुमारे १ लाख ३८ हजार बायका विनातपासणीच्या गटांत होत्या. त्यांतल्या किमान २५४ या कॅन्सरने गेल्या. तपासणीने जीव वाचतात हे आधीच माहीत असताना एवढ्यांना नुसतं बघत राहायचं? टाटाच्या डॉक्टरांचं म्हणणं, भारतात सरकारी तपासणी नव्हतीच, त्यामुळे आम्ही कुणाचं काही काढून घेतलं नाही. आणि इथे काय चालतं हे इथेच बघावं लागणार. मुंबईच्या प्रयोगात दहावी शिकलेल्या बायकांनी ॲसिड लावून दर दोन वर्षांनी तपासलं तर मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले, हेही खरं. मात्र संमती घेताना बायकांना पुरेशी माहिती दिली नव्हती, असा ठपका अमेरिकेतल्या सरकारी देखरेख कार्यालयाने याच मुंबईच्या प्रयोगावर ठेवला.

मी यावर बरेच दिवस विचार करत होते. चौथा गट नसता तर 'एकदा केलेली पॅप आपल्या खेड्यात फारसा उपयोग करत नाही' हे कळलंच नसतं, आणि सरकारने कदाचित तीच गावोगाव नेली असती. हा युक्तिवाद मला खोडता येत नाही. पण 'तुम्ही न तपासायच्या गटात आहात, अशी तपासणी असते, बार्शीला जाऊन करून घेता येईल' हे शब्द त्या बाईला समजतील असे सांगायला काय खर्च होता? तिने ते ऐकून प्रयोग थोडा बिघडला असता. बिघडू द्यायचा. आणि निकाल आल्यावर तरी? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी ही तपासणी आयुष्यात कधीतरी झालेल्या होत्या १.९ टक्के. ज्या उत्तरासाठी त्या ६४ जणी मोजल्या, ते उत्तर मिळून दहा वर्षं झाली होती.

लसीचं आपल्याकडे झालं ते आणखी विचित्र. २००९ मध्ये पाथ ही अमेरिकी संस्था आणि आयसीएमआर यांनी खम्मम आणि वडोदरा जिल्ह्यांत मुलींना लस द्यायला सुरुवात केली. सात मुली दगावल्या. चौकशीत त्यांची कारणं लसीशी जोडता आली नाहीत, पण भलतंच बाहेर आलं: वसतिगृहातल्या कितीतरी मुलींच्या संमतिपत्रांवर आईबापांऐवजी वॉर्डनच्या सह्या होत्या. २०१३ मध्ये संसदीय समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले. त्याआधीच, एप्रिल २०१० मध्ये, सरकारने देशातले एचपीव्ही लसीचे सगळे प्रयोग थांबवले होते.

त्यात एक निराळाच प्रयोगही थांबला. पुणे, मुंबई, बार्शी धरून नऊ ठिकाणी १० ते १८ वयाच्या मुलींना दोन डोस पुरतात की तीन लागतात, हे बघणं चालू होतं. मधेच लस बंद झाल्याने १७,७२९ मुलींपैकी जवळजवळ पाच हजार मुली एकाच डोसवर अडकल्या. असा गट कुणी आखला नव्हता. संशोधकांनी त्यांनाही सोडलं नाही, दहा वर्षं मागोवा घेतला. २०२१ मध्ये कळलं की एका डोसनेही १६ आणि १८ नंबरच्या टिकून राहणाऱ्या संसर्गापासून सुमारे ९५ टक्के संरक्षण मिळतं. डिसेंबर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एक डोसही चालेल असं जाहीर केलं, तेव्हा या मुलींचे आकडे त्यामागच्या पुराव्यात होते. (त्याच वर्षी पुण्याच्या सीरमच्या लसीला परवाना मिळाला.)

त्या मुलींचा मागोवा कसा घेतला ते वाचताना मी थबकले. कुमारिकेची आतली तपासणी करायची नाही, म्हणून नियम असा: लग्नानंतर १८ महिन्यांनी, किंवा पहिल्या बाळंतपणानंतर सहा महिन्यांनी पहिला नमुना. म्हणजे दरवर्षी प्रत्येकीच्या घरी आधी चौकशी करायची ती लग्नाची. झालं असेल तर सासरचं गाव कुठलं, ते लिहून घ्यायचं आणि तिथे जायचं. व्हेरोनाच्या चोपडीतला तोच रकाना, बार्शीच्या चोपडीत.